खिळ्याचा मृत्युलेख

माझ्या हातून चुकीची बातमी छापून जात नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. आमच्या दैनिकाचं शहराचं पान माझ्याकडे आहे. नवी मुलं बातमी घेऊन आली की मी दोनच प्रश्न विचारतो: "कुणी सांगितलं?" आणि "दुसऱ्या कुणी सांगितलं?" दुसऱ्या प्रश्नाला अडखळली की बातमी परत! एकदा आमच्याच कॅन्टीनला आग लागली, तेव्हा मी धुरात उभा राहून "दुसरं कोण म्हणतंय?" असं विचारत होतो म्हणे. ही अफवा ऑफिसात अजून फिरते. ती एकाच सूत्राकडून आलेली असल्यामुळे मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

अशा माणसानं एका जिवंत प्राण्याचा मृत्युलेख छापला. दोन कॉलम, फोटोसकट!

प्राणी म्हणजे कुत्रा. आमच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर राहणारा, तपकिरी रंगाचा, हातोडी चुकून बसावी आणि खिळा वाकावा तशी शेपूट असलेला. म्हणून त्याचं नाव खिळा. नाव त्याला आणखी एका कारणानं शोभायचं: मधल्या पायरीवर तो ठोकल्यासारखा बसायचा. संपादक आले, मंत्री आले, जाहिरातदार आले, हा जागचा हलायचा नाही. सगळे त्याला वळसा घालून जायचे.

भुंकायचा फक्त एका माणसावर. माझ्यावर!

मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की हा उठून उभा. मग जी सरबत्ती सुरू व्हायची ती मी आत जाऊन लिफ्टचं दार लागेपर्यंत. एका काखेत डबा, दुसऱ्या काखेत त्या दिवशीच्या अंकाची घट्ट गुंडाळी (त्यातल्या चुकांवर लाल पेनानं गोल केलेला हा अंक मुलांच्या टेबलावर आपटला की त्यांचं शुद्धलेखन सुधारतं), आणि मागे खिळा, अशी माझी रोजची मिरवणूक निघायची. खिडक्यांतून माणसं बघायची. रिसेप्शनवरच्या ताई घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "सर आले!"

घरी सांगितलं तर सहानुभूती शून्य.

"तो तिथे राहतो. तुम्ही तिथे नुसते कामाला जाता," बायको म्हणाली. "मग दारात कुणी कुणाला विचारायचं?"

"अगं, रस्ता माणसांसाठी असतो!"

"कुणी सांगितलं?" बायकोनं विचारलं. "आणि दुसऱ्या कुणी सांगितलं?"

सासूबाई आमच्याकडेच असतात. रोज सकाळी त्या माझं पान चष्मा लावून वाचतात आणि चुकांवर पेन्सिलीनं गोल करतात. लग्नापासून त्यांनी माझ्या पानाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबुवा, जनावर उगाच एकाच माणसावर भुंकत नाही. स्वतःकडे बघा जरा."

आता, भटक्या कुत्र्यांबद्दल माझं जाहीर मत काय होतं? काहीच नव्हतं! मी तटस्थ. आमच्या पानावर मी "रस्ता कुणाचा?" अशी वाचकांची चर्चा चालवली होती. डावीकडे कुत्र्यांच्या बाजूचे, उजवीकडे विरोधातले, दोघांना सारखी जागा. कुणी लिहायचं, चावतात, पोरं खेळायला जात नाहीत, हटवा! कुणी लिहायचं, ते आपल्या कचऱ्यावर जगतात, आपण केलेल्या शहरात जन्मतात, नेणार कुठे? दोन्ही बाजूंना मुद्दे होते, दोन्ही बाजूंना माणसं होती. मी मध्ये एक उभी रेघ मारून शांतपणे बसलेलो असायचो.

आणि चर्चेचा शेवटचा भाग छापून आला त्या दुपारी, या तटस्थ माणसानं दार लावून पालिकेच्या श्वान विभागाला फोन केला. नाव दिलं, नंबर दिला, पत्ता दिला. "हिंस्र आहे," असंही सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "उद्या गाडी येईल, घेऊन जाईल, आणि मग..."

मी "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला. "आणि मग"च्या पुढचं वाक्य त्यांनी कुणाला ऐकवलं असेल कुणास ठाऊक!

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी. मी ताठ मानेनं आत गेलो. तिसऱ्या दिवशीही रिकामी. लिफ्टमध्ये मी शीळ वाजवली.

त्याच संध्याकाळी पान लावताना घोटाळा झाला. एका चपलांच्या दुकानानं ऐन वेळी जाहिरात मागे घेतली. आमच्याकडे पानं लावणारा जो माणूस आहे त्याला सगळे सेंटीमीटर म्हणतात, कारण त्याला जगात दुसरं काही दिसत नाही. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मुलीच्या वडिलांचं वर्णन "उंच सिंगल कॉलम" असं केलं होतं. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"भोक आहे," तो म्हणाला. "दोन कॉलम, सोळा सेंटीमीटर. काहीतरी टाका."

"काय टाकू?"

"ते तुम्ही बघा. मी फक्त भोक सांगतो."

तेवढ्यात आमचा फोटोग्राफर आत आला. तोंड उतरलेलं.

"सर, मोठ्या सिग्नलपाशी ट्रकखाली कुत्रा सापडलाय. तपकिरी. मला वाटतं आपला खिळा."

"चेहरा पाहिलास?"

"चेहरा पाहण्यासारखा राहिला नव्हता."

"शेपूट?"

"वाकडी होती. म्हणजे, तसं सगळंच वाकडं होतं."

हे झालं पहिलं सूत्र. मी लगेच खाली गेटवर फोन लावला. आमचे वॉचमन काका म्हणजे सरळ माणूस. विचाराल तेवढंच सांगणारे.

"काका, खिळा दिसला का?"

"नाही साहेब. कालपासून पायरी रिकामी आहे."

दुसरं सूत्र! बातमी पक्की!

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मी खुर्चीत जरा खाली सरकलोय असं समजा. तिसरं सूत्र मला माहीत होतं. श्वान विभागाला एक फोन केला असता तर कळलं असतं की आमच्या गल्लीतून कुत्रा उचललाय की नाही. हात फोनकडे गेलासुद्धा. पण पलीकडून त्या बाई म्हणणार, "तक्रार करणारे तुम्हीच ना?" आणि इथे सेंटीमीटर हातात पट्टी घेऊन माझ्या डोक्यावर उभा, फोटोग्राफर डोळे पुसतोय. हात मागे आला. शिवाय मनात हिशेबही झाला होता: गाडीनं नेला असेल तर मी नेला. ट्रकखाली मेला असेल तर ट्रकनं मारला. मला ट्रक सोयीचा होता. मी ट्रक निवडला.

आणि लिहायला बसलो. काय लिहिलं! सुटकेच्या आनंदात माणूस किती हळवं लिहू शकतो याचा तो नमुना आहे. "पायरीवरचा सोबती" असा मथळा दिला. "शहर धावत असतं, तेव्हा एका पायरीवर कुणीतरी थांबलेलं असतं," अशी सुरुवात. "रोज सकाळी तो माझी वाट पाहत असे." हे खरं होतं, फक्त कशासाठी ते लिहिलं नाही. "त्याच्या आवाजानं माझ्या दिवसाची सुरुवात होई." हेही खरं! मग दोन सेंटीमीटर कमी पडत होते, म्हणून लिहिलं, "मी रोज खिशातलं बिस्कीट मोडत असे. अर्धं त्याचं, अर्धं माझं. आता उरलेल्या अर्ध्याचं काय करू?"

माझ्या खिशात पेनांची टोपणं आणि पित्ताच्या गोळ्या असतात. बिस्कीट त्या खिशानं जन्मात पाहिलेलं नाही.

सेंटीमीटरनं मजकूर भोकात बसवला. "बरोबर मावला," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज भरून आला. मजकुरामुळे की मावल्यामुळे, ते मी विचारलं नाही.

सकाळी उठलो तर सासूबाई पान समोर धरून रडत होत्या. हातात पेन्सिल, पण पानावर एकही गोल नाही!

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "आज तुमच्या पानात चूक सापडली नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी माझ्या कपात स्वतःच्या हातानं चहा ओतला. माझी चाल बदलली. बायको मात्र माझ्याकडे पाहत राहिली.

"तुम्ही त्याला बिस्कीट द्यायचात?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

"लेखात रोज लिहिलंय."

"अगं, लेखात जरा..." मी चहा प्यायलो.

ऑफिसात फोनचा पाऊस! वाचक रडत होते. एका बाईंनी फोनवर पूर्ण लेख मलाच वाचून दाखवला. समोरचा औषध दुकानदार, जो खिळ्यावर बादलीनं पाणी फेकायचा, तो फुलं घेऊन आला आणि म्हणाला, "आमच्या गल्लीचा जीव होता हो!" "रस्ता कुणाचा?"मध्ये उजव्या कॉलमात "एकूण एक कुत्रे हटवा" असं लिहिणारे गृहस्थ स्वतः येऊन म्हणाले, "माझा विरोध बाकीच्या कुत्र्यांना होता." मेलेला कुत्रा कुणालाच अडचणीचा नसतो. तो भुंकत नाही, जागा अडवत नाही, त्याच्यासाठी गल्लीत सगळ्यांच्या मनात जागाच जागा!

संपादकसाहेब तर हवेत होते. "संध्याकाळी पायऱ्यांवर श्रद्धांजली सभा! तुझं भाषण! वाचकांना बोलाव. कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवू, त्यावर आपल्या दैनिकाचं नाव!"

"साहेब, एवढं कशाला..."

"अरे, आपला पेपर नुसता छापत नाही, जपतो!" हे वाक्य त्यांना एवढं आवडलं की त्यांनी ते ताबडतोब लिहून घ्यायला लावलं.

मी खाली आलो तर वॉचमन काका स्टुलावर बसलेले. डबा शेजारी, उघडा पण न शिवलेला. त्या डब्यातला अर्धा घास रोज खिळ्याचा असायचा हे मला तेव्हा कळलं, म्हणजे डब्याच्या झाकणात वेगळा काढून ठेवलेला तुकडा बघून कळलं. सवयीनं काढला असणार.

"साहेब, तुम्ही त्याला बिस्कीट द्यायचात? मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही तेव्हा गाड्या लावत असाल."

"असेन," काका म्हणाले. "बरं वाटलं वाचून. मला वाटायचं त्याला माझ्याशिवाय कुणी नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी लिफ्टनं वर गेलो, आणि वर जाऊन भाषणाची तयारी केली. माणूस किती खालच्या पातळीवरून वरच्या मजल्यावर जाऊ शकतो ते बघा!

सभेला गल्ली भरली. मधल्या पायरीवर खिळ्याचा मोठा फोटो, भोवती फुलं, बाजूला चकचकीत पाण्याचं भांडं. पहिल्या रांगेत बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "आमचे जावई!" हे दोन शब्द ऐकण्यासाठी मी किती वर्षं उपसंपादन केलं!

मी माईकसमोर उभा राहिलो. हातात मृत्युलेखाच्या पानाची गुंडाळी. ती उंचावून म्हणालो, "मित्रांनो, प्रश्न कुत्र्यांचा नाही. प्रश्न आपला आहे. आपल्या दारात एक जीव आला, तर त्याला आपण काय दिलं?" टाळ्या! "मी त्याला काय दिलं हे सांगणार नाही. अर्धं बिस्कीट ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही." आणखी टाळ्या! सासूबाईंचा पदर डोळ्यांना.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. अनोळखी नंबर. सकाळपासून वाजत होता तसाच. आणखी एक रडणारा वाचक! माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी म्हणालो, "बघा, या क्षणीसुद्धा वाचकाचा फोन येतोय! ऐकू या त्याच्या भावना!" आणि फोनचा स्पीकर चालू करून तो माईकला लावला.

लाउडस्पीकरमधून गल्लीभर आवाज घुमला:

"हॅलो! तक्रारदार बोलताय का? पालिकेची कुत्र्यांची गाडी. तुमच्या तक्रारीवरून नेलेला कुत्रा परत आणलाय. तपकिरी, वाकड्या शेपटीचा. नसबंदीचं ऑपरेशन झालं, इंजेक्शन दिलं, एकदम ठणठणीत! पण गल्लीत गर्दी फार आहे हो. कुणाचं मयत आहे का?"

सेंटीमीटर नंतर म्हणाला, त्यानंतरची शांतता पूर्ण पानभर होती.

"राँग नंबर!" मी ओरडलो. तेही माईकमध्येच!

"राँग कसा? तक्रारीत नंबर हाच लिहिलाय," फोन म्हणाला, आणि गर्दीमागे एक हॉर्न वाजला. लोक बाजूला झाले. जाळीची गाडी पायऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला. फोटो, फुलं, भांडं, माईक, सगळ्यांकडे बघून त्यानं टोपी काढली.

"माफ करा. दुःखाच्या वेळी आलो. दोन मिनिटांत सोडतो आणि जातो."

त्यानं मागचं दार उघडलं. जाळीत खिळा बसला होता. कानाच्या टोकाला ऑपरेशनची छोटी खूण, जरा बारीक झालेला, बाकी तोच! तो बाहेर बघत होता. स्वतःच्या फोटोकडे त्यानं पाहिलंही नाही. त्याची नजर होती पायरीवर, जिथे फुलांनी जागा अडवली होती.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. औषधवाल्यानं आपली फुलं हळूच मागे घेतली. उजव्या कॉलमातले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आहे का अजून?" त्यांच्या आवाजातलं दुःख आता खरं वाटत होतं.

संपादकसाहेब माझ्या कानाशी आले. चेहऱ्यावर सभेचं हसू तसंच, फक्त ओठ हलत होते.

"हा दुसरा आहे असं सांग."

"साहेब?"

"आपल्या पेपरात आलंय की मेला. मेला म्हणजे मेला. हा दुसरा आहे. सांग!"

ड्रायव्हरनं गर्दीला विचारलं, "कुत्रा इथलाच ना? आमचा नियम आहे, जिथून उचलला तिथेच सोडायचा. इथला नसेल तर मला परत न्यावा लागेल. मग तो जाळीतच राहणार. कुणी ओळखीचं आहे का त्याच्या?"

वॉचमन काका पुढे आले. जाळीपाशी वाकले. खिळ्यानं जाळीतून नाक बाहेर काढून त्यांचा हात चाटला. काकांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, मला तर आपला खिळाच वाटतोय. गाडीनं नेला तेव्हा मी तिथेच होतो. पण तुम्ही लिहिलं की गेला, मग मी म्हटलं गाडीतून सुटून ट्रकखाली आला असणार. छापून आलंय म्हणजे..." ते थांबले. "तुम्ही सांगा साहेब. तुम्ही तपासल्याशिवाय लिहीत नाही."

स्वतःच्या हाताला जीभ लागलेली, तरी त्या माणसाचा माझ्या छापील ओळींवर जास्त विश्वास होता!

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. सासूबाई बघत होत्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो,

"नाही काका. हा दुसरा दिसतोय."

म्हणालो! लपवत नाही, म्हणालो. काकांनी मान खाली घातली. ड्रायव्हर "बरं" म्हणाला आणि जाळीच्या दाराला हात घातला. मी घाम पुसायला हात वर केला. त्या हातात गुंडाळी होती.

आणि खिळा भुंकला!

साधा नाही. तीच माझी रोजची सरबत्ती! जाळी हलायला लागली, गाडी हलायला लागली. रिसेप्शनवरच्या ताई मागच्या रांगेत होत्या, सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सर आले!"

कुणीतरी हसलं. मी घाबरून गुंडाळी खाली केली. भुंकणं कमी झालं. पुन्हा वर केली. भुंकणं वाढलं!

"अहो," बायको खुर्चीतून उठली, "ते पान उलगडा बघू."

मी पान उलगडलं. खिळा गप्प.

"आता गुंडाळा."

मी गुंडाळलं. भौ! उलगडलं, गप्प. गुंडाळलं, भौ! गर्दीला मजा वाटायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आणखी एकदा!"

"कमाल आहे!" ड्रायव्हर म्हणाला. "याला कुणीतरी कागदाच्या गुंडाळीनं मारलेलं असणार कधीतरी. असे खूप येतात आमच्याकडे. पेपरवाल्यांच्या दारात राहायला कसा आला मग बिचारा?"

मी त्याला कधी मारलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण रोज तो बिचारा घाबरून "लांब राहा" एवढंच सांगत होता, आणि मी ते पालिकेला "हिंस्र" असं कळवलं होतं. माझ्याच हातातल्या वस्तूबद्दलची बातमी होती. रोज मिळत होती. मी एकदाही तपासली नव्हती.

सासूबाई उठल्या. "जावईबुवा," त्या म्हणाल्या, आणि माईकची गरज पडली नाही, "हा तर तुम्हाला चांगलाच ओळखतो."

ड्रायव्हरचा हात अजून दारावर होता. काका खाली बघत होते.

"थांबा!" मी म्हणालो. "हाच तो. हाच खिळा. तक्रार मी केली होती. मेल्याची बातमीही मीच छापली. दोन्ही मीच." संपादकसाहेबांनी डोळे मिटले. "सोडा त्याला."

दार उघडलं. खिळा उडी मारून उतरला, पायऱ्यांपाशी गेला, स्वतःच्या फोटोला वळसा घातला आणि फुलांवर बसला. ठोकल्यासारखा! काकांनी डबा उघडला. दोघं जेवले. त्या दोघांखेरीज बाकी सगळी गल्ली माझ्यावर चिडली होती. औषधवाला म्हणाला, "आमच्या डोळ्यांतलं पाणी काढलंत, ते काय उगाच?" रडून घेतल्यावर कुत्रा जिवंत निघणं ही लोकांना फसवणूक वाटते. ते भांडं मात्र राहिलं. फक्त संपादकसाहेबांनी त्यावरचं दैनिकाचं नाव दुसऱ्या दिवशी खरवडून काढायला लावलं.

दुरुस्ती छापायला सेंटीमीटरनं मला सिंगल कॉलममध्ये तीन सेंटीमीटर दिले. "मेला हे सोळामध्ये, जिवंत आहे हे तीनमध्ये?" मी विचारलं. "नेहमीचंच माप आहे," तो म्हणाला. मी लिहिलं: "'पायरीवरचा सोबती' या लेखात उल्लेख केलेला कुत्रा जिवंत आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

सकाळी सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. पेन्सिल उचलली, दुरुस्तीवर एक मोठा गोल केला आणि पान माझ्यासमोर सरकवलं.

"आता यात काय चुकलं?" मी विचारलं.

"हे अपुरं आहे. मेला एवढीच चूक होती ना? बाकीचं सगळं खरं ना? बिस्किटाचं?"

बायको कपावरून माझ्याकडे बघत होती.

"खरं आहे," मी म्हणालो.

त्यामुळे आता हे रोजचं काम होऊन बसलंय. अंक मी गुंडाळत नाही, सपाट घडी घालून पिशवीत नेतो; मुलांच्या टेबलावर आपटायलाही तो उपयोगाचा राहिलेला नाही, नुसता फडफडतो. खिळा माझ्यावर भुंकत नाही. शेपूटही हलवत नाही. मी मधल्या पायरीपाशी वाकतो, खिशातलं बिस्कीट मोडतो आणि अर्धं त्याच्यासमोर ठेवतो. तो ते हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि तोंड फिरवतो.

"साहेब, तो बिस्कीट खात नाही," काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "कधीच नाही."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मग लोक बघत असतात म्हणून मी तिथेच पायरीवर बसतो आणि माझं अर्धं खातो. ते संपलं की इकडेतिकडे बघून त्याचंही खातो. म्हणजे मृत्युलेखातल्या 'अर्धं त्याचं, अर्धं माझं' या वाक्यातलं निम्मं आता दोन सूत्रांनी पक्कं आहे: काका आणि खिळा.